ओळ उतरणे

माझी सगळी नोकरी साखर कारखान्यात झाली आणि साखरेच्या पोत्याला मी कधी हात लावला नाही. मी सिव्हिल खात्यात होतो. कारखान्यात सिव्हिल खात्याची गत लग्नातल्या मांडववाल्यासारखी असते. त्याच्याशिवाय कार्य होत नाही, पण पंगत बसली की त्याची आठवण कोणाला राहत नाही. इंजिनिअर मिल चालवायचे, केमिस्ट साखर काढायचे, शेतकी खातं ऊस आणायचं आणि आम्ही या सगळ्यांच्या छपराची गळती काढायचो. तुंबलेली गटारं, न बसणाऱ्या कड्या, बिघडलेले नळ आणि क्वार्टरच्या किल्ल्या, एवढं माझं राज्य. लोक मला भाऊसाहेब म्हणत. नगर जिल्ह्यात हातात पेन दिसलं की माणसाचा भाऊसाहेब होतो. माझ्या हातात पेनापेक्षा पान्हाच जास्त वेळ असायचा, पण नाव पडलं ते पडलं.

आता नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. नळ बिघडला की प्लंबरला फोन करतो आणि तो आला की त्याच्या डोक्यावर उभा राहून सूचना देतो. बायको म्हणते, आता तरी रिटायर व्हा. तिचं बरोबर आहे. पण नळाचा वायसर बदलताना येणारा तो ओल्या लोखंडाचा वास आला की मला आमची कॉलनी आठवते, आणि कॉलनी आठवली की एक शब्द आठवतो, जो तिथं सोडून मी दुसरीकडे कुठेही ऐकला नाही. तो सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आमची कॉलनी उतारावर होती. सगळ्यात वर साहेबांचे बंगले. त्याखाली सुपरवायझर, हेडक्लार्क, फोरमन यांची मधली ओळ. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे तुळशीपुरतं अंगण. सगळ्यात खाली, ओढ्याच्या अंगाला, कामगारांची खालची ओळ. दीड खोलीचं घर, समोर सलग ओटा आणि चार घरांत मिळून एक नळ. कॉलनी आखणाऱ्यानं पाण्याचा उतार बघून ती आखली असणार, पण त्यात माणसांचीही उतरंड लागून गेली. कोणाला बढती मिळाली की तो ओळ चढायचा. आणि एखाद्याला खाली आणलं की लेबर ऑफिसचा निरोप माझ्याकडे यायचा, अमक्याची मधल्या ओळीची किल्ली जमा करून घ्या आणि खालची द्या.

माणसाला खाली आणण्याला कारखान्यात तीन शब्द होते. ऑर्डरवर ‘पदावनत’ असा छापील शब्द असायचा. लेबर ऑफिसातले लोक ‘रिव्हर्ट केला’ म्हणायचे, जणू एखादा व्हॉल्व्ह उलटा फिरवला आहे. आणि कॉलनीत म्हणायचे, ओळ उतरला. पदावनत म्हटलं तर कोणाला काही वाटायचं नाही, कारण अर्ध्या लोकांना त्याचा अर्थच कळायचा नाही. ओळ उतरला म्हटलं की चहाचा कप हातात थांबायचा.

तरी हा शब्द गमतीत फार वापरायचे. परीक्षेत फर्स्ट क्लासवरून सेकंड क्लासवर घसरलेलं पोरगं ओळ उतरायचं. क्रिकेटच्या टीममध्ये ओपनिंगवरून सातव्या नंबरला ढकललेला फिटर ओळ उतरायचा. घरात नव्या सुनेच्या हातचा चहा सासऱ्याला आवडला, की शेजारणी थोरलीला चिडवायच्या, तुम्ही उतरलात बरं का ओळ. मात्र ज्याच्या घरी हे खरंच घडलेलं असेल, त्याच्या तोंडावर हा शब्द कोणी काढायचं नाही. त्याला विचारायचं, ‘काय, घर बदललं का?’ त्यानं ‘हो, जरा बदललं’ म्हणायचं आणि विषय पीकपाण्यावर न्यायचा. मी ओळ उतरलो असं स्वतःबद्दल म्हणणारा माणूस मला कधी भेटला नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्यासाठीच असायचा.

त्याच्या काही रीती होत्या. चढणाऱ्याच्या घराला मी नवा चुना मारून द्यायचो, दारांना रंग द्यायचो. तो माणूस ट्रॅक्टरची ट्रॉली लावून, सकाळच्या उन्हात, पेढे वाटत सामान न्यायचा. उतरणाऱ्याला चुना नाही, रंग नाही, नुसती किल्ली. आणि तो सामान हलवायचा बाजारच्या दिवशी. गुरुवारी सगळी कॉलनी बाजाराला गेलेली असायची, तेवढ्या दुपारात भांडीकुंडी खाली जायची. कोणी ठरवून दिलं नव्हतं, पण लेबर ऑफिसचा निरोप आला की मीसुद्धा आपसूक विचारायचो, गुरुवारी येऊ का?

यात एकेक नमुने भेटले. आमचा एक स्टोअरकीपर उतरला, तेव्हा त्यानं मधल्या ओळीतल्या दारावरची पाटी स्वतः स्क्रू काढून खाली नेली आणि खालच्या दारावर ठोकली. पाटीवर नावापुढे ‘स्टोअरकीपर’ तसंच होतं. लेबर ऑफिसरनी मला ती काढायला सांगितली. मी म्हटलं, साहेब, दार सिव्हिलचं आहे, पाटी त्याची आहे. त्यावर ते हसले आणि ती पाटी तो रिटायर होईपर्यंत तिथंच राहिली. एका हेडक्लार्कच्या सासऱ्यांना तर जावई उतरल्याचं पाच-सहा वर्षं कळलंच नाही, कारण ते यायचे तेव्हा हा मित्राच्या मधल्या ओळीतल्या घरात त्यांचा पाहुणचार करायचा. मित्र बायकोपोरांसह तेवढे दिवस खाली राहायला जायचा. हसू येतं आता, पण तेव्हा सगळी कॉलनी त्या म्हाताऱ्यासमोर हे नाटक नीट वठवायची.

या सगळ्यात जे एक उतरणं माझ्या मनातून जात नाही, ते भानुदास कानडे यांचं.

कानडे यार्ड सुपरवायझर होते. यार्ड म्हणजे उसानं भरलेल्या ट्रका, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जिथं रांगेत उभ्या राहतात ते मोठं मैदान. तिथून एकेक गाडी काट्यावर वजन होऊन गव्हाणीला लागते. गव्हाण म्हणजे मिलचं तोंड. त्यात ऊस सारखा पडत राहिला पाहिजे. म्हणून ट्रक आणि बैलगाड्या यांचा मेळ घालून सोडायचा असतो. ट्रक क्रेननं झटक्यात रिकामी होते, बैलगाडी मोळ्या मोळ्यांनी हातानं रिकामी करावी लागते. नुसत्या बैलगाड्या लागल्या तर गव्हाण उपाशी पडते आणि मिल थांबते. मिल थांबणं यासारखं पाप कारखान्यात दुसरं नाही. हा मेळ घालायचं काम कानड्यांचं. ते नेवाशाकडच्या एका खेड्यातून आलेले, नंबरटेकर म्हणून लागलेले. नंबरटेकर यार्डाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या गाड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या देतो. उन्हातान्हात वर्षानुवर्षं चिठ्ठ्या वाटून हा माणूस सुपरवायझर झाला होता. त्यांच्या घराला चुना मीच मारला होता आणि त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, रंग वाळायच्या आधीच दारात रांगोळी काढली होती.

मार्चचे दिवस होते. हंगाम संपत आला की ऊन तापतं आणि सगळ्यांचीच डोकी तापतात. त्या दिवशी सकाळपासून यार्डात बैलगाड्यांची रांग खोळंबली होती, ट्रका मात्र पुढे जात होत्या. दुपारी एका गाडीचा बैल जुवाखालीच बसला. गाडीवान त्याला उठवत होता, तो उठेना. कानड्यांनी ते पाहिलं आणि सगळ्या ट्रका थांबवून बैलगाड्या सरळ गव्हाणीला लावल्या, एकामागं एक, रांग संपेपर्यंत. सुपरवायझरनं असं करायचं नसतं हे यार्डातल्या पोराटोरालाही ठाऊक होतं, कानड्यांना तर होतंच.

मी तेव्हा कॉलनीत कोणाची तरी मोरी दुरुस्त करत होतो. एकदम सगळं शांत झालं. हंगामात मिलची घरघर कॉलनीच्या कानात इतकी बसलेली असते की ती ऐकू येत नाही, थांबली की मात्र ऐकू येते. बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. झोपलेल्या तिसऱ्या पाळीच्या माणसांनाही जाग आली. मिल परत सुरू व्हायला संध्याकाळ झाली. तोवर रस आंबला, वाफ उतरली आणि वरच्या बंगल्यांत फोन वाजू लागले.

मीटिंगमध्ये कानड्यांना कारण विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘बैल बसला हुता, साहेब.’ साहेबही काही राक्षस नव्हते. त्यांनी दुसरं एखादं कारण सुचवून पाहिलं, क्रेन बिघडली होती का, निरोप चुकला का. कानडे नाही म्हणून मान हलवत राहिले. मग काय होणार? पदावनत करून मूळ पदावर, म्हणजे पुन्हा नंबरटेकर. सोमवारी हजर व्हायचं, नाही झाले तर नोकरी सोडली असं धरायचं.

किल्लीसाठी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. उठून बसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

‘भाऊसाहेब, ही किल्ली घ्या. खालची मला नको,’ ते म्हणाले. ‘मी गावाला चाललो.’

गावाला काय होतं? दोन भावांच्या हातातली कोरडवाहू जमीन आणि पडवीतली एक खोली. मंगल, त्यांची मुलगी, दहावीला होती, पेपर चालू होते. मी हे सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ज्या गाड्यांना मी हात दाखवून थांबवायचो, त्यांनाच आता चिठ्ठ्या वाटू? त्या ओढ्याच्या वाटेनं मी आता खाली जाणार नाही. मी किल्ली उचलली. माणूस खोटं बोलत असला तर समजूत घालता येते, पण त्यांना लाज वाटत होती आणि ती खरी होती.

बाहेर आलो तर सुमनवहिनी मागोमाग आल्या. खालच्या ओळीची किल्ली त्यांनी माझ्याकडे मागितली. मी दिली आणि सवयीनं म्हणालो, गुरुवारी सामान हलवू, मी दोन माणसं पाठवतो.

‘गुरुवारी कशापायी?’ वहिनी म्हणाल्या. ‘चोरून न्यायला आमी काय कुनाची चोरी केलीय व्हय?’

आणि त्यांनी शुक्रवारी, भर दुपारी, सगळ्या कॉलनीच्या डोळ्यांदेखत सामान हलवलं. ट्रॉली नाही, माणसं नाहीत. डोक्यावर पातेल्यांची चळत, काखेत गाठोडं, आणि पेपर देऊन आलेली मंगल मागून डबे घेऊन. मधली ओळ उतरायची, उतारावरून खाली जायचं, ठेवायचं आणि परत यायचं. दारादारांत बायका उभ्या होत्या. कोणी मदतीला पुढं झालं की वहिनी म्हणायच्या, राहू द्या, आमचंच हाय. मी दोन घडवंच्या उचलल्या तेव्हा मात्र नाही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत मधल्या ओळीतलं घर रिकामं झालं. राहिली फक्त खाट आणि खाटेवर कानडे. मी विचारलं, खाटेचं काय करायचं? वहिनी म्हणाल्या, तिच्यावर माणूस हाय, ती राहू द्या.

खाली त्यांनी स्टोव्ह पेटवला, भाकरी केल्या आणि मंगलला वर पाठवलं, की जेवायला खाली या. मंगल एकटीच परत आली.

शनिवारीही तेच. वहिनींनी वर ताट पाठवलं नाही. मंगलला वाढून दिलं, स्वतः मात्र जेवल्या नाहीत, हे शेजारच्या साळवेमावशींनी मला सांगितलं. मधल्या ओळीत चर्चा सुरू झाली, की कसली ही बाई, नवऱ्याला उपाशी ठेवते. काही जणींनी डबा नेऊन कानड्यांच्या दारात ठेवला. तो तसाच राहिला. नव्या सुपरवायझरला त्या घराची घाई होती. मी त्याला जाऊन सांगितलं की छपरात गळती निघाली आहे, कौलं उतरवावी लागतील, आठवडा तरी जाईल. छपराला गळती नव्हती. माझ्या नोकरीत मी कागदावर काढलेली ती सगळ्यात चांगली गळती होती.

लोक मला विचारतात, कानडे पुढं पुन्हा सुपरवायझर झाले का. नाही झाले. नंबरटेकर म्हणूनच ते रिटायर झाले. मंगल शिकली, संगमनेरला नोकरीला लागली. कारखाना पुढं थकला, कॉलनीत आता बाभळी उगवल्या आहेत आणि बंगल्यांची कौलं कोणी कोणी नेली. मी मध्ये एकदा गेलो होतो, फार वेळ थांबलो नाही. आणि ‘ओळ उतरला’ हा शब्द खालच्या ओळीत मी त्या रविवारनंतर कधी ऐकला नाही. मधल्या ओळीत चालू राहिला असेल, खाली मात्र गमतीतसुद्धा कोणी काढला नाही. तो रविवारच सांगायचा राहिला आहे.

सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी संध्याकाळी मी खालच्या ओळीत सामायिक नळाशी पान्हा घेऊन बसलो होतो. काम फारसं नव्हतं, पण घरी करमेना. उकाडा मरणाचा होता. सगळी ओळ ओट्यावर आली होती. पुरुष बनियनवर बसलेले, बायका भाजी निवडत, पोरं ओढ्याकडे गोट्या खेळत. साळव्यांच्या घरापुढं जयंतीच्या वर्गणीचं बोलणं चाललं होतं. वहिनींचं दार ओळीच्या शेवटी होतं, उघडं. त्या आत होत्या आणि स्टोव्हचा आवाज येत होता.

कोणीतरी म्हणालं, ते बघा. उताराच्या टोकाला कानडे उभे होते. अंगात खाकी शर्ट, पायात चपला. तिथं ते कितीतरी वेळ उभे राहिले. खाली ओट्यावर पन्नास माणसं आणि सगळ्यांच्या नजरा वर. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि थांबले. मग पाठ फिरवल्यासारखं केलं. मला वाटलं, गेला हा माणूस. उद्या सकाळच्या गाडीनं नेवाशाला जाणार, वहिनी आणि पोरगी इथं राहणार, आणि दोन दिवसांचा हा उपास फुकट जाणार.

साळवेमावशी उठल्या. मिलमधल्या हेल्परची बायको, आयुष्यभर त्याच दीड खोलीत राहिलेली. पदर खोचून त्यांनी निवडलेली भाजी उचलली आणि शेजारणीला हळू आवाजात म्हणाल्या,

‘दारं लावा गं समद्यांनी. मानसाला येऊ द्या.’

शब्द ओट्यावरून पुढं पुढं गेला. पुरुष उठले, पोरांना हाका न मारता दंडाला धरून आत नेलं. एकेक करून दारं लागली. मलाही कोणीतरी बाहीला धरून साळव्यांच्या घरात ओढलं, हातात पान्हा तसाच. आत नऊ-दहा माणसं, पंखा नाही, खिडकीही ओढून घेतलेली. एका लहान पोरानं काहीतरी विचारलं तर मावशींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या उकाड्यात अख्ख्या ओळीत एकच दार उघडं राहिलं.

म्हणून कानडे कसे आले ते मी पाहिलेलं नाही. कोणीच पाहिलं नाही. उतारावर चपलांचा आवाज आला, मध्येच थांबला, परत आला. आमच्या दारावरून पुढं गेला. मी उघड्या नळाचं पाणी बंद करायला विसरलो होतो, ते बाहेर वाहत होतं. कानड्यांनी ते जाता जाता बंद केलं, धारेचा आवाज थांबला तेव्हा कळलं.

मग शेवटच्या घरातून ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. स्टोव्ह बंद झाला. वहिनींचा आवाज आम्हाला भिंतींतून ऐकू आला, रोजच्यासारखा, कोणावर न रागावलेला.

‘मीठ कमी-जास्त असंल तर सांगा. नव्या जाग्यावर अजून अंदाज येत न्हाई.’

‘बरोबर हाय,’ कानडे म्हणाले. ‘तू पन घे वाढून.’